एका बोंडातल्या सरक्या

आमचा पांढुर्णा जिल्हा २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झाला, पण पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तहसिलींची ओळख जुनीच आहे: कपाशी आणि संत्रा. मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो, घरी वावरही आहे. फळ्यावरचा डीएनएचा पिळा पोरं परीक्षेपुरता लक्षात ठेवतात. तोच पिळा पऱ्हाटीत काय करतो हे सांगायला लागलं, की त्यांचे बाप आणि काकाही ऐकायला बसतात. बीटी कपाशीबद्दल इथे फार अर्धवट बोललं जातं आणि त्याची किंमत शेतकरी मोजतो, म्हणून हे लिहून ठेवतो.

१. अळी मारतं ते प्रथिन

"गुरुजी, बीटी लावली ना, मग अळी काहून आली?" हा प्रश्न दर हंगामात येतो. जनुक स्वतः कुणाला मारत नाही, तो डीएनएवरचा मजकूर आहे. ए, टी, जी, सी अशी चार अक्षरं, तीन अक्षरांचा एक शब्द, असे ६४ शब्द. त्यांतून सांगितली जाणारी अमिनो आम्लं मात्र २०. पेशीत या मजकुराची आरएनएवर नक्कल उतरते, रायबोसोम ती तीन-तीन अक्षरांनी वाचतो आणि अमिनो आम्लं ओळीने जोडून प्रथिन घडवतो. ही लिपी उलगडणाऱ्यांत हरगोविंद खुराना होते. १९६८ चं नोबेल त्यांना आणखी दोघांसोबत याच कामासाठी मिळालं.

बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, हा मातीतला जिवाणू. त्याचा क्राय१एसी जनुक कपाशीत घातला, ती बीटी कपाशी. या जनुकाचं प्रथिन अळीच्या पोटात गेलं की आतड्याच्या भिंतीवरच्या एका ठरावीक प्रथिनाला चिकटतं. भिंतीला छिद्रं पडतात, अळी खाणं सोडते आणि मरते. मावा, तुडतुडे यांना त्याने काही होत नाही. मला सर्वांत विलक्षण वाटते ती पुढची गोष्ट. जिवाणूचा मजकूर झाडाच्या पेशींत नीट वाचला जाईना, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याची अक्षरं बदलून तो नव्याने लिहिला आणि प्रथिन जवळजवळ तेच राहिलं. शब्द ६४ आणि अर्थ त्याहून कमी, म्हणूनच हे जमलं.

२. मजकूर सगळीकडे, प्रथिन कमी-जास्त

जनुक झाडाच्या प्रत्येक पेशीत असतो. प्रथिनाचं तसं नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवून दिलं, की ते पानांत भरपूर असतं, बोंडाच्या सालीत आणि फुलाच्या बीजकोशात सर्वांत कमी. पेरणीनंतर सुमारे ११० दिवसांनी ते गरजेच्या पातळीखाली उतरतं. जूनअखेर पेरलं तर हे दिवस ऑक्टोबरच्या मध्यात भरतात, ऐन बोंडं भरताना. पान चुरून केलेल्या पट्टीच्या चाचणीत प्रथिनाची रेघ उमटली, म्हणून बोंडही सुरक्षित आहे असं मी कुणाला सांगत नाही.

३. संत्र्याचा डोळा आणि कपाशीची सरकी

जंबेरीच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा बांधला, की वर वाढणाऱ्या प्रत्येक फांदीत त्या डोळ्याचाच डीएनए. खुंट पाणी देतो, मजकूर देत नाही. म्हणून फळ मातृवृक्षासारखं येतं. संकरित कपाशीच्या सरकीत मात्र आई-बापाच्या मजकुराची वाटणी नव्याने होते. ती घरी ठेवून पेरली तर पुढची पऱ्हाटी एकसारखी येत नाही. १९७० मध्ये सुरतहून एच-४ हा संकरित वाण आला आणि दरवर्षी बियाणं विकत घेण्याची रीत पडली. देशी वाणांची सरकी ठेवून पेरता येत असे, हे जुनी माणसं अजून सांगतात.

४. एका बोंडातल्या सरक्या सारख्या नसतात

हे ऐकून वर्ग नेहमी गप्प होतो. संकरित वाणाला बीटीचा जनुक एकाच पालकाकडून मिळालेला असतो, म्हणजे जोडीतली एक बाजू रिकामी. अशा झाडाच्या बोंडात सरक्या तयार होताना मेंडेलचं गणित लागू होतं: चारांपैकी तिघींत जनुक, एकीत नाही. बोंडात तीसेक सरक्या धरल्या तर सात-आठ सरक्यांत विषारी प्रथिनच नाही. दोन जनुकांच्या वाणात १६ पैकी ९ सरक्यांत दोन्ही प्रथिनं, ६ मध्ये कुठलं तरी एक आणि एकीत काहीच नाही.

हिरव्या बोंडअळीला याचा फारसा लाभ नाही, ती पानं-पात्या खात फिरते. गुलाबी बोंडअळी मात्र बोंडात शिरते, भोक बुजतं आणि ती सरक्या खात आतच राहते. बोंड चिरून पोरांना ती दाखवतो. कोणती सरकी प्रथिनाची आणि कोणती बिनप्रथिनाची, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. पूर्ण मारणारी मात्रा प्रत्येक घासात नसते. अळी सोसायला शिकते ती इथे, असं माझं ठाम मत आहे.

५. अळीलाही डीएनए आहे

मध्य प्रदेशासह सहा राज्यांत बीटी कपाशीला २६ मार्च २००२ रोजी मंजुरी मिळाली. दुसरा जनुक, क्राय२एबी, २००६ मध्ये आला. २०१० मध्ये गुजरातेत गुलाबी अळीने पहिल्या प्रथिनाला दाद न दिल्याचं जाहीर झालं, आणि २०१७ मध्ये विदर्भात दोन जनुकांच्या कपाशीतही तिने हाहाकार केला. तिच्या आतड्यातलं कॅडहेरिन नावाचं प्रथिन बीटीच्या पहिल्या प्रथिनाला पकड देतं. त्याच्या जनुकात बिघाड झाला की पकड सुटते. हा बिघाड अप्रभावी, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच अळी तरते. बीटी बियाण्याच्या पिशवीसोबत मिळणारं १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं यासाठीच होतं: त्यावर साधे पतंग वाढावेत, त्यांनी बदललेल्या पतंगांशी संग करावा आणि पिल्लं बीटीने मरावीत. बहुतेक वावरांत ते पेरलंच गेलं नाही.

६. पोळ्याच्या आधी सापळे

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीत गोटमारीची जत्रा भरते, तेव्हा पऱ्हाटी पात्या-फुलांवर असते. डोमकळ्या, म्हणजे आत अळी असलेली न उमललेली फुलं, तेव्हाच शोधायच्या, तोडून नष्ट करायच्या. पोळ्याआधी लावलेल्या एका कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज ८ किंवा जास्त पतंग सापडले, तर उपाय लगेच.

७. फरदड नको

पाणी देऊन पऱ्हाटी फेब्रुवारी-मार्चपर्यंत ठेवली, म्हणजे फरदड घेतली, तर प्रथिन पुरेसं उरलेलं नसतं आणि वाचलेल्या अळ्यांची आणखी एक पिढी वाढते. गुलाबी अळी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून आत सुप्त राहते, म्हणून जिनिंगच्या आवारातही सापळे हवेत. डिसेंबरअखेर वेचणी आटोपावी, शेळ्या-मेंढ्या वावरात सोडून उरलेली बोंडं चारावीत आणि पऱ्हाट्या उपटून टाकाव्यात. बांधावर त्यांचा ढीग पावसाळ्यापर्यंत ठेवू नये.