रामदास बोट

आपल्या शिरड शहापूरपासून समुद्र फार लांब. जास्तीचे पाणी म्हटले, की आपल्याला सिद्धेश्वरचे धरण आठवते. तरी ही समुद्रातली हकीकत आपणही ध्यानात ठेवावी अशी आहे.

पूर्वी कोकणची माणसे मुंबईला आगबोटीने जात-येत. काही बोटींना संतांची नावे होती. ‘रामदास’ ही त्यांतलीच एक.

तारीख १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आषाढ अमावास्येचा सण होता. लोक घरच्या ओढीने निघाले होते. सकाळी आठच्या सुमारास बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटली. जायचे होते समोरच्या रेवस बंदराला. बोट माणसांनी भरून गेली होती.

वाटेत वारा सुटला. पाऊस झोडपू लागला. काशाच्या खडकाजवळ मोठ्या लाटा आल्या. पाणी आत शिरले. लोक घाबरून एका बाजूला धावले. सगळा भार एकीकडे झाला. बोट कलंडली आणि पाहता पाहता बुडाली. सहाशेहून जास्त माणसे गेली.

मुंबई जवळच होती. पण मुंबईला पत्ताच नाही! कारण बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. हे यंत्र तारेवाचून दूरवर निरोप धाडते. काही माणसे पोहत काठाला लागली, तेव्हा कुठे संध्याकाळी बातमी कळली. रेवसचे कोळी मासळी घेऊन मुंबईला निघाले होते. त्यांनी मासळी समुद्रात फेकली आणि होड्यांत माणसे घेतली. कित्येकांचे प्राण वाचले.

याआधी १९१२ साली ‘टायटॅनिक’ ही विलायती बोट बर्फाच्या डोंगरावर आदळून बुडाली. सुमारे १५०० माणसे गेली. तिच्यावरच्या होड्या निम्म्याच लोकांना पुरणाऱ्या होत्या. पण बिनतारी यंत्र होते. त्याची हाक ऐकून दुसरी बोट धावली. म्हणून सुमारे ७०० माणसे वाचली.

पुढे नियम झाले. टायटॅनिकनंतर सर्वांना पुरतील इतक्या होड्या ठेवायचे ठरले. रामदासनंतर आपल्याकडे बोटींवर बिनतारी यंत्र सक्तीचे झाले. माणसे गेल्यावर शहाणपण आले!

होडी असो, जीप असो, की ट्रॅक्टरची ट्रॉली असो. जागा भरली, की चढू नये. होडीत उभे राहू नये, एका बाजूला धावू नये. निघताना घरी सांगून निघावे. उशीर झाला तर चालेल, पण घरी पोचले पाहिजे.

प्रश्न
१. रामदास बोट का कलंडली?
२. मुंबईला बातमी उशिरा का कळली?
३. कोळ्यांनी मासळी का फेकली?