आधी नाव बदल, मग वर्षभर ठेव

पोरी, साइट नारायणगावच्या टोमॅटो बाजाराची असो नाहीतर शिवनेरी-लेण्याद्री बघायला येणाऱ्यांच्या होमस्टेची, मामाचं एवढं ऐक. ब्राउझरने ठेवून घेतलेली फाईल तुला परत मागता येत नाही. सर्व्हरवरून पुसलीस, तरी मुदत संपेपर्यंत ती गिऱ्हाइकाच्या मोबाईलमध्ये सुखाने नांदू शकते. म्हणून मुदत टाकण्याआधी फाईलच्या नावाकडे बघ.

लोगो, फॉन्ट, सीएसएस, किल्ल्याचे फोटो यांना खुशाल वर्ष दे. कॅश-कंट्रोलमध्ये मॅक्स-एज ३१५३६००० सेकंद, जोडीला इम्युटेबल. पण नावातच आवृत्तीची खूण हवी. मजकूर बदलला की नाव बदललं पाहिजे. आणि नवी फाईल चढवली म्हणून जुनी लगेच उडवू नकोस, कुणीतरी सकाळी उघडलेलं पान दुपारपर्यंत तसंच ठेवलेलं असतं.

बाजारभावाच्या पानाला मात्र हा लाड नाही. कालचा क्रेटचा भाव आज दिसला तर शेतकरी तुलाच फोन करणार. तिथे नो-कॅश लाव. ब्राउझर पान ठेवतो, पण दरवेळी ईटॅग, म्हणजे आपल्याकडच्या आवृत्तीची खूण, दाखवून सर्व्हरला विचारतो. बदल नसेल तर सर्व्हर ३०४ म्हणून मोकळा होतो, पान पुन्हा पाठवत नाही. फेरी मात्र पडतेच. डिंभ्याच्या पुढे भीमाशंकरच्या वाटेवर रेंज लपंडाव खेळायला लागली, की वीस फोटोंच्या वीस फेऱ्या भारी पडतात. वर्षाची मुदत हवी ती त्यासाठी. लॉगिनच्या आत शेतकऱ्याची हिशेबपट्टी असेल, तर तिला थेट नो-स्टोअर, म्हणजे ब्राउझरने ती ठेवायचीच नाही.

एचटीटीपीएसवर कॅश होतच नाही, असं सांगणारे अजून भेटतात. फायरफॉक्स २०११ च्या चौथ्या आवृत्तीआधी असं पान आपणहून डिस्कवर ठेवत नसे, तेव्हाची ती समजूत. आता सगळे ठेवतात. कुलूपबंद मजकूर वाटेतल्या प्रॉक्सीला वाचता येत नाही, तेव्हा भिस्त ब्राउझरवरच.

सर्व्हर एनजिनएक्स असेल, तर खरी गोम त्याच्या ॲड-हेडरमध्ये आहे. सर्व्हर ब्लॉकमध्ये तू सुरक्षेचे हेडर लिहिलेस, एचएसटीएससकट. मग फोटोंच्या लोकेशन ब्लॉकमध्ये कॅश-कंट्रोलसाठी एक ॲड-हेडर टाकलास, की वरचे सगळे त्या लोकेशनपुरते गायब. तक्रार नाही, लॉगमध्ये चूक नाही! सगळे हेडर तिथे पुन्हा लिही, किंवा वेगळ्या फाईलीत ठेवून दोन्हीकडे इन्क्लूड कर. नुसती मुदत हवी असेल तर एक्स्पायर्स वापर, त्याने हा घोळ होत नाही. अपाचेवर असशील तर मॉड-एक्स्पायर्स चालू कर.

बदल केलास की कर्लने हेडर वाच, पान आणि फोटो दोन्हीचे. मग ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क उघड, पण ‘डिसेबल कॅश’वरची टिक आधी काढ. ती तशीच राहिली तर सगळं नव्यानेच येताना दिसेल आणि तू चांगली चालणारी मांडणी उकरत बसशील.