कागद, शाई आणि समोरासमोर

शास्त्रपाठ : २ योहान १२; ३ योहान १३-१४; उत्पत्ति ४५:२५-२८; १ थेस्सलनीकाकरांस २:१७ ते ३:१०

हा पाठ वर्गात घेण्यापूर्वी एक कबुली दिली पाहिजे. गेल्या पावसाळ्यात हैदराबादेतील आमच्या मंडळीतल्या एक वृद्ध भगिनी प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या. सकाळी दहाच्या सुमारास ही बातमी मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आली आणि त्याच दिवशी दुपारी चार वाजता दफनविधी झाला. माणसेही पुष्कळ जमली. परंतु चाळीस वर्षे चर्चमध्ये त्यांच्या शेजारच्या जागेवर बसणाऱ्या त्यांच्या मैत्रिणीला हे कळले ते रविवारी, चर्चच्या पायरीवर. त्यांच्याजवळ स्मार्टफोन नाही, घ्यावयाचाही नाही. त्या काही बोलल्या नाहीत. उपासना संपेपर्यंत शेजारच्या रिकाम्या जागेवर आपली पिशवी ठेवून बसून राहिल्या. नंतर एवढेच म्हणाल्या, "पूर्वी घंटा तरी वाजायची."

त्यांचे घर आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. आम्ही बातमी वाचली, तिच्याखाली हात जोडल्याची खूण टाकली, आणि आता सर्वांना कळले असे धरून चाललो. दोष फोनचा नव्हे. "सर्वांना" या शब्दात कोण येते व कोण येत नाही, याचा विचार आम्ही केला नाही.

आता शास्त्राकडे वळू. योहानाचे दुसरे व तिसरे पत्र ही नव्या करारातील सर्वांत लहान पुस्तके होत. प्रत्येक पत्र पपायरसच्या एकेका पानावर मावेल एवढेच आहे. लिहिणारा आपले नाव सांगत नाही, स्वतःला केवळ "वडील" म्हणवितो. परंपरा त्याला प्रेषित योहान मानते. दोन्ही पत्रांच्या शेवटी तो जवळजवळ एकच गोष्ट सांगतो : लिहावयाचे पुष्कळ आहे, पण ते असे लिहून कळविण्याची इच्छा नाही; भेटीस येण्याची आशा आहे, तेव्हा बोलू. एका पत्रात तो कागद व शाईचे नाव घेतो, दुसऱ्यात शाई व बोरूचे. ज्याला आपण "समोरासमोर" म्हणतो त्यासाठी मूळ ग्रीक भाषेत "तोंडाने तोंडाशी" असे शब्द आहेत.

म्हणजे त्या काळचे जे साधन होते ते वडिलांना अपुरे वाटत होते. आपल्या घरातील आजी फोन दूर सारून म्हणते, "यात काय बोलायचे? तू ये, मग बोलू," तेव्हा तिला हट्टी ठरविण्यापूर्वी हे वचन आठवावे. मात्र दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. वडिलांनी बोरू टाकून दिला नाही. थोडके का होईना, लिहिले. धागा तुटू नये एवढे कागदावर, आणि मनातले भेटीसाठी राखून ठेवले. पत्राने भेटीची जागा घेऊ नये, आणि भेट होत नाही म्हणून पत्रही थांबू नये, असे हे प्रमाण आहे.

आपल्या मंडळ्यांतील वृद्ध माणसे नवी साधने का टाळतात? पुष्कळांची नजर अधू झालेली असते. कोरड्या पडलेल्या बोटांना काचेचा पडदा नीट दाद देत नाही. पडद्यावरची अक्षरे बहुधा इंग्रजी, आणि आजीचे वाचन झालेले असते ते पवित्र शास्त्र व गीतपुस्तक यांवर, देवनागरीत. याशिवाय भीती असते, आणि ती निराधार नाही. पोलिसाचा वेष करून, फोनवरच "अटक" झाल्याचे सांगून वृद्धांची आयुष्यभराची शिल्लक लुबाडणाऱ्या टोळ्यांविषयी २०२४ साली खुद्द पंतप्रधानांना आकाशवाणीवरून सावध करावे लागले. अशा फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे, तो घरात भिंतीवर लिहून ठेवावा. ज्या आजोबांनी अनोळखी फोन उचलणेच सोडले आहे, ते आपल्यापेक्षा शहाणे असण्याचा संभव आहे. आणि एक कारण आपल्याला ऐकावयास आवडत नाही : शिकविताना आपण हसतो. "अहो आजी, किती वेळा सांगायचे!" असे नातवाने दोनदा म्हटले की आजी तिसऱ्यांदा विचारीत नाही.

हैदराबादेत ही गोष्ट अधिक बोचते. १९९८ साली येथे सायबर टॉवर्स उभे राहिले, आणि आज जगभर लागणारी संगणकाची कामे आपलीच मुले-मुली या शहरात बसून करतात. त्यांच्या आजी-आत्या मात्र जालन्याला, उदगीरला, नांदेडला आहेत. हे नातेगोते जुने आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा व हैदराबाद एकाच राज्यात होते. नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसविले तेव्हा तो मुलूख निजामाचाच होता. निजामाच्या राज्याची टपाल तिकिटेसुद्धा निराळी होती. १८६९ पासून १९५० पर्यंत ती चालली. सन १९०० च्या सुमारास मनमाडची रेल्वे झाली, आणि लेकीबाळींचे जाणे-येणे तिच्यावरून होऊ लागले. त्यांच्या मुलांना आज आईशी बोलावयास सवड होत नाही, याला अंतराचे कारण देता येणार नाही.

या पिढीच्या मनात एक गोष्ट खोल रुतलेली आहे. त्यांच्या घरी तार आली की कोणीतरी गेले, असेच धरले जाई. तार फोडण्यापूर्वीच रडे सुरू होत असे. तारखाते जुलै २०१३ मध्ये बंद झाले, पण ती धडकी गेली नाही. रात्री साडेनऊला, आपले काम आटोपल्यावर, आपण सहज म्हणून फोन करतो, आणि तिकडे आत्याबाईंचे हातपाय गळतात. म्हणून वेळ ठरवावी. रविवारी उपासनेनंतर बारा वाजता, असे एकदा ठरले की ती वेळ पाळावी. साध्या, बटणांच्या फोनवर एवढे सहज होते, आणि असा फोन पुष्कळ वृद्धांना चालतो. ठरलेल्या वेळी फोन आला नाही तर त्या किती वेळ दाराशी घुटमळतात, हे त्यांच्या शेजाऱ्यांना विचारावे.

परदेशातील मुले पुतणीच्या फोनवरून आईचे तोंड पाहतात. हे चांगलेच आहे. पण फोन धरून पुतणी समोर उभी असते, तेव्हा आई "सगळे बरे आहे" यापलीकडे काय सांगणार? सुनेविषयी, दुखण्याविषयी, पैशाविषयी ती बोलत नाही. आपले बोलणे दुसऱ्याच्या हातून जाते तेव्हा असे होतेच. रोमकरांस पत्र लिहून घेणारा तर्तियस होता, त्याने शेवटी आपला सलामही घातला आहे. पण पौल काही पत्रांच्या शेवटी स्वतःच्या हाताने लिहितो, आणि गलतीकरांस आपल्या अक्षरांच्या मोठेपणाकडे लक्ष द्यावयास सांगतो. वृद्धांना आपल्या हातचे, मोठे अक्षर हवे असते. पोस्टकार्डाला आजही पन्नास पैसे पडतात, आंतर्देशीय पत्राला अडीच रुपये. काळ्या शाईने, ओळींत अंतर सोडून, देवनागरीत लिहावे. नातवंडांना देवनागरी येत नसेल तर चारच ओळी गिरवून लिहू द्याव्या. आजी चुका काढील. काढू द्याव्या, त्यासाठी तरी तिचे उत्तर येईल. उत्तरासाठी आपला पत्ता घातलेली दहा कार्डे तिच्याजवळ देऊन ठेवावी. पत्ता इंग्रजीत व पिन कोडसह असावा, कारण हैदराबादच्या टपालवाल्याला मराठी पत्ता वाचता येईलच असे नाही.

तरीही नुसते शब्द पुरत नाहीत. याकोबाची गोष्ट पाहा. मुलगे मिसरातून परत येऊन सांगतात की योसेफ जिवंत आहे. म्हाताऱ्याचे मन सुन्न होते, त्याचा विश्वास बसत नाही. मग त्याला योसेफाचे सगळे बोलणे सांगितले जाते, आणि त्याला नेण्यासाठी योसेफाने पाठविलेल्या गाड्या तो डोळ्यांनी पाहतो. तेव्हा कोठे त्याच्या जिवात जीव येतो. दाराशी उभी राहिलेली वस्तू वृद्ध माणूस ओळखतो. छापून घेतलेला फोटो, चष्म्याची नवी दांडी, औषधाची डबी, जाणाऱ्या कोणाबरोबर दिलेली कराची बेकरीची बिस्किटे, या त्या गाड्या होत. फोनमधला फोटो आजी एकदा पाहते. कागदावरचा उशाखाली राहतो.

स्वतः जाता आले नाही तर माणूस पाठवावा. पौलाला थेस्सलनीकास जावयाचे होते, पण अडथळे आले. राहवेना, तेव्हा त्याने तीमथ्याला पाठविले आणि आपण अथेनैत एकटे राहणे पत्करले. जवळचा एकुलता सोबती त्याने दिला, हे ध्यानात घ्यावे. तीमथ्य तेथे निरोप टाकून परतला नाही. तिकडची खबर घेऊन आला, आणि ती ऐकून पौलाला धीर आला. वृद्धांच्या गावी असा एखादा तीमथ्य शोधावा : तेथील पाळकसाहेब, शेजारची बाई, औषधाचा दुकानदार. वृद्धांना विचारूनच शोधावा, नाहीतर पाळत ठेवल्यासारखे होते. पण तीमथ्य मिळाला म्हणून पौलाने जाण्याची इच्छा सोडली नाही. त्याच अध्यायात तो रात्रंदिवस भेटीसाठी प्रार्थना करीत आहे.

काही कामेही भेटीची निमित्ते होतात. पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो संगणकावरून देण्याची सोय आहे, आणि काही फी घेऊन टपालवालाही घरी येऊन तो करून देतो. तरी ज्या काकांना बँकेत स्वतः जाऊन सही करावयाची आहे, त्यांच्याबरोबर त्या दिवशी रजा काढून जावे. रांगेत दोन तास मिळतात, एरवी कोठे मिळतात? ज्यांचे कोणीच जवळ नाही त्यांच्यासाठी १४५६७ हा वृद्धांच्या मदतीचा क्रमांक आहे. त्याचा आरंभ २०१७ साली आपल्या हैदराबादेतच झाला आणि २०२१ मध्ये तो देशभर पसरला. साध्या फोनवरूनही तो लागतो. २००७ च्या कायद्याने आईबापांना मुलांकडून निर्वाहाचा खर्च मागता येतो. बोलणे मागण्याचा कायदा नाही.

येथे मार्क ७:९-१३ वाचावे. आईबापांना जे द्यावयाचे ते "कुर्बान" म्हणून बाजूला काढले की मुलगा मोकळा, अशी पळवाट त्या काळी होती. आज काही घरांत वीस हजारांचा फोन ही ती पळवाट झाली आहे. "घेऊन दिला आहे, वापरीत नाहीत, आम्ही काय करणार?" फोन कपाटात कापडात गुंडाळलेला असतो, आणि मुलाचे मन स्वस्थ असते. ज्यांना शिकावयाची हौस आहे त्यांना अवश्य शिकवावे. २०२० च्या टाळेबंदीत चर्चची दारे बंद असताना आमच्या मंडळीतील कित्येक आज्या उपासनेसाठी फोन शिकल्या. पण ज्यांनी नको म्हटले, त्यांच्याशी नाते राखण्याची अट फोन ही असू नये.

आमच्या मंडळीत त्या प्रसंगानंतर एक वही केली. ज्यांना गटावरची बातमी पोहोचत नाही त्यांची नावे, आणि प्रत्येकापुढे बातमी घेऊन जाणाऱ्या एका तरुणाचे नाव. पहिल्या महिन्यात दोघे तरुण विसरले, तेव्हा वही आता तरुण संघाकडून महिला मंडळाकडे गेली आहे. दफनविधीची वेळ ठरविण्यापूर्वी वहीतील घरी कोणी जावयाचे ते ठरते. ज्यांच्यामुळे हे झाले त्या बाईंना नाव लिहू का म्हणून विचारले, तर म्हणाल्या, "मला वहीत घालू नका. यायचे तर या." त्यांचे नाव वहीत नाही. त्यांच्याकडे गुरुवारी जाण्याचे आम्ही आमच्याकडे घेतले आहे.

वर्गात विचार करण्यासाठी : योहानाच्या या दोन पत्रांत "वडिलांनी" काय लिहिले आणि काय भेटीसाठी ठेवले असावे? तुमच्या घरातील वृद्धांना मागील महिन्यात कोणती बातमी सर्वांत शेवटी कळली? पुढच्या रविवारी येताना प्रत्येकाने एक कोरे पोस्टकार्ड आणि एका वृद्ध नातलगाचा पूर्ण पत्ता आणावा. कार्डे वर्गातच लिहू. पिन कोड विसरू नये.