वायफाय ड्रायव्हर लिहिणाऱ्या भाचीला, वर्ध्याहून

पोरी, एकच वायफाय चिप पीसीआयई, एसडीआयओ आणि यूएसबी अशा तिन्ही बसवर चालवायची आहे म्हणतेस, तर आधी मार्व्हेलच्या चिपांचा एमवायफायएक्स ड्रायव्हर वाचून काढ. मार्व्हेलच्या पुण्यातल्या मंडळींचा त्यात मोठा हात होता. 2011 मध्ये तो लिनक्स कर्नलमध्ये आला तेव्हा फक्त एसडीआयओवर चालायचा. पीसीआयई आणि यूएसबी मागाहून आले. ते जोडता आले, कारण फंक्शन पॉइंटरांचा तक्ता, 'इफ ऑप्स', पहिल्यापासून होता.

त्या तक्त्यात काय आहे ते नीट बघ. कार्ड जागं कर, फर्मवेअर चढव, पॅकेट कार्डाकडे पाठव. ही सगळी कामं आहेत, एकेका रजिस्टरचं लिहिणं-वाचणं नव्हे. तूही बसचा कोड आणि सामाईक कोअर यांच्यातली सीमा तिथेच आख. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये कापूस बंडीनं आला की ट्रॅक्टरनं, रेच्याला काही फरक पडत नाही. गाडी कशी रिकामी करायची ते हमाल बघतो.

सीमा रजिस्टरवर आखली की काय होतं, ते अथेरॉसच्या एथ9के ड्रायव्हरमध्ये दिसेल. पीसीआयईवर रजिस्टर लिहिणं म्हणजे मेमरीत लिहिणं. 2010 मध्ये त्याचा यूएसबी भाऊ आला आणि तिथे प्रत्येक लिखाणासाठी निरोप धाडून उत्तराची वाट पाहणं आलं. मग लिखाणं बफरमध्ये साठवून एकदम पाठवायची सोय करावी लागली, आणि 'बफर सुरू', 'बफर रिकामा' अशा खुणा सामाईक कोडमध्ये जागोजागी पेराव्या लागल्या.

म्हणून कोअर लिहिताना सगळ्यात हळू बस धरून चाल. यूएसबीवर वाट पाहताना झोपावं लागतं, आणि स्पिनलॉक धरून झोपता येत नाही. पीसीआयई कार्डावर ही चूक दिसतच नाही. यूएसबीच्या वेळी मात्र अख्खं लॉकिंग उसवावं लागतं.

एमवायफायएक्सच्या कोअरमध्येही 'यूएसबी असेल तर' अशा अटी शिरल्याच आहेत. तुझ्यावर तशी पहिली अट लिहायची वेळ आली की तिचं तक्त्यात नवं फंक्शन होतं का ते बघ. ज्या बसला ते लागत नाही, तिथे पॉइंटर नल ठेव आणि बोलावण्याआधी तपास.

आणि डेटा वाहत असतानाच डोंगल उपटून बघ, पहिल्याच आठवड्यात. पीसीआयई कार्ड गेलं तर वाचनात सगळे एफ येतात, यूएसबी एरर देते. कोअरला मात्र दोन्हीकडून 'कार्ड गेलं' एवढंच कळव. अडकलेल्या कमांड रद्द करून वाट पाहणाऱ्या थ्रेडना उठव, नाहीतर ड्रायव्हर काढताना मशीन तिथेच लटकेल.