अन्न शरीरात कोठे प्रवेश करते? : पचनसंस्थेचा एक पाठ

पचनसंस्थेचा पाठ प्राथमिक शाळेत नेहमी घेतला जातो. भिंतीवर तक्ता टांगला जातो; तोंड, अन्ननलिका, जठर, लहान आतडे, मोठे आतडे अशी नावे ओळीने म्हणवून घेतली जातात; आणि परीक्षेत बहुतेक मुले ती बिनचूक लिहितात. परंतु त्याच मुलांना "खाल्लेली भाकर रक्तात कशी जाते?" असे विचारले असता वर्ग स्तब्ध होतो. नावे आली, पण क्रिया समजली नाही, असा याचा अर्थ होय.

या पाठाचे मोल परीक्षेपुरते नाही. घरातील तान्ह्या भावंडास जुलाब होऊ लागले की त्यास पाणी द्यावे की बंद करावे, हा प्रश्न खेड्यापाड्यांतून आजही उपस्थित होतो. त्याचे उत्तर आतड्याच्या कार्यातच दडलेले आहे. म्हणून पाठाची मांडणी अशी असावी की त्याच्या अखेरीस हे उत्तर मुलांना आपोआप सुचावे.

मध्यवर्ती कल्पना

तोंडापासून गुदद्वारापर्यंत एक लांब नळी आहे. नळीच्या पोकळीत असलेले अन्न पोटात गेलेले असले, तरी खऱ्या अर्थाने शरीरात शिरलेले नसते. एखाद्या मुलाने चिंचोका गिळला, तर तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जसाच्या तसा बाहेर पडतो. तो पोटातून प्रवास करून आला, पण रक्तात त्याचा कणही गेला नाही. जे विरघळते आणि नळीची भिंत ओलांडते तेच शरीराचे होते. अन्न भिंतीपलीकडे जाण्याइतके सूक्ष्म करणे, यासच पचन म्हणतात.

ही कल्पना ठसविण्यास एक साधा प्रयोग पुरेसा आहे. पातळ फडक्याच्या दोन पुरचुंड्या कराव्यात. एकीत ज्वारीचे दाणे व दुसरीत गुळाचा खडा बांधून त्या पाण्याच्या दोन पेल्यांत लोंबत सोडाव्यात. काही वेळाने एका पेल्यातील पाणी गोड लागते. दुसऱ्यातील दाणे मात्र पुरचुंडीतच राहतात. फडके म्हणजे आतड्याची भिंत, असे समजावून द्यावे. ज्वारीला गुळासारखे विरघळविण्याचे काम शरीरास करावयाचे आहे, हे मुले स्वतःच सांगतील.

दोरीवरील प्रवास

शाळेच्या अंगणात आठ मीटर लांबीची दोरी पसरावी. पहिला पाव मीटर ही अन्ननलिका, पुढील पाव मीटर जठर, त्यानंतरचे सहा मीटर लहान आतडे व उरलेला दीड मीटर मोठे आतडे, अशा खुणा रंगीत चिंध्या बांधून कराव्यात. ही मापे प्रौढ माणसाची व ठोकळ आहेत. सर्वांत अधिक लांबी लहान आतड्यास मिळाली आहे, हे मुलांच्या डोळ्यांनाच दिसते. ज्यास "लहान" म्हणतात ते वस्तुतः सर्वांत लांब. त्याचे लहानपण केवळ रुंदीत आहे. प्रत्येक खुणेजवळ एकेका विद्यार्थ्यास उभे करून त्या त्या अवयवाचे कार्य त्याच्या तोंडून वदवून घ्यावे.

तोंडात दोन कामे होतात. दात घास बारीक करतात आणि लाळ त्यात मिसळते. दिवसभरात सुमारे एक ते दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यात पिष्ट पदार्थांचे साखरेत रूपांतर करू लागणारे द्रव्य असते. अशा द्रव्यांस विकर म्हणतात. भाकरीचा तुकडा मिनिटभर चावत राहावयास सांगावे. तो हळूहळू गोडसर लागू लागतो. याहून स्पष्ट पुरावा हवा असल्यास भाताची अतिशय पातळ पेज दोन वाट्यांत घ्यावी. एकीत शिक्षकाने स्वतःची थोडी लाळ मिसळावी. दोन्ही वाट्या वीस मिनिटे कोमट पाण्यात ठेवून प्रत्येकीत आयोडीनच्या द्रावणाचा एकेक थेंब टाकावा. लाळ नसलेली पेज निळी होते. लाळ असलेल्या पेजेत निळा रंग फिका पडतो किंवा उमटतच नाही. प्रयोगानंतर दोन्ही पेजा फेकून द्याव्यात व वाट्या स्वच्छ धुवाव्यात.

घास गिळताना श्वासनलिकेच्या मुखावर झाकण पडते, म्हणून तो अन्ननलिकेत जातो. जेवताना बोलू अथवा हसू नये, या वडीलधाऱ्यांच्या सांगण्यामागे हेच कारण आहे. पुढे घास केवळ स्वतःच्या भाराने खाली पडत नाही. अन्ननलिकेचे स्नायू मागून आवळत जातात व घास पुढे सरकतो. म्हणूनच आडवे पडूनही पाणी पिता येते. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घेऊन त्यात गोटी घालावी व बोटांनी मागून दाबत ती पुढे न्यावी. अशाच लाटा आतड्याच्या शेवटापर्यंत चालू असतात.

जठरातील खिडकी

जठरात काय घडते, हे पुष्कळ काळ केवळ तर्काचे होते. अन्न तेथे दळले जाते, असे कोणी म्हणत. कुजते, असे कोणी म्हणत. या वादावर प्रकाश पडला तो एका अपघाताने. ६ जून १८२२ रोजी उत्तर अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सी सेंट मार्टिन या कॅनडातील तरुण मजुरास जवळून सुटलेली बंदुकीची गोळी लागली. लष्करी वैद्य विल्यम ब्यूमाँट यांनी त्याच्यावर उपचार केले. तरुण वाचला, परंतु जखम भरताना जठरात उघडणारे एक भोक कायम राहिले. १८२५ च्या ऑगस्टमध्ये ब्यूमाँट यांनी अन्नाचे निरनिराळे तुकडे रेशमी दोऱ्यास बांधून त्या भोकातून आत सोडले आणि ठरावीक वेळांनी बाहेर काढून पाहिले. पुढे जठररस बाहेर काढून शरीराइतक्या उष्णतेवर कुपीत ठेवला असता त्यात मांस विरघळते, हेही त्यांना आढळले. पचन ही रासायनिक क्रिया आहे, हे यावरून स्पष्ट झाले. हे निष्कर्ष १८३३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. सेंट मार्टिन १८८० पर्यंत जगला.

ही हकीकत मुलांस अवश्य सांगावी. तथापि तिची दुसरी बाजूही सांगावी. तो मजूर गरीब होता व त्याच्या देहावर वर्षानुवर्षे प्रयोग झाले. ज्ञानासाठी कोणी काय सोसले, याचे स्मरण ठेवणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

जठररसात तीव्र आम्ल असते. अन्नाबरोबर गेलेले पुष्कळसे जंतू त्यात मरतात. पेप्सिन हे विकर डाळी, अंडी, मांस, दूध यांतील प्रथिने फोडू लागते. साधे जेवण जठरात सुमारे दोन ते चार तास राहते. तेलकट-तुपकट जेवण त्याहून अधिक काळ राहते. जठरास स्वतःचेच आम्ल सहसा बाधत नाही, कारण त्याच्या आतील अंगास बुळबुळीत द्रव्याचा लेप असतो. "जठराग्नी" या परंपरागत शब्दाचा अर्थ मुले कधीकधी शब्दशः घेतात. पोटात ज्वाला नसते. तेथे रस असतात व शरीराची नेहमीची ऊब असते, एवढे सांगावे.

लहान आतडे : खरे प्रवेशद्वार

जठरातून अन्न पेजेसारखे होऊन थोडे थोडे लहान आतड्यात उतरते. तेथे त्यास दोन रस भेटतात. यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठलेले पित्त स्निग्ध पदार्थांचे बारीक थेंब करते. पाण्यावर तेलाचा थेंब टाकून त्यात साबणाचे पाणी घालून ढवळल्यास पित्ताचे कार्य कसे चालते याची कल्पना येते. स्वादुपिंडाचा रस पिष्ट पदार्थ, प्रथिने व स्निग्ध पदार्थ या तिहींवर काम करतो. आतड्याच्या भिंतीवरील विकरे उरलेले काम पुरे करतात. अशा रीतीने भाकरीची साखर होते, डाळीतील प्रथिनांची अमिनो आम्ले होतात व तेलातुपाची मेदाम्ले होतात. ज्वारीचा गूळ झाला, असे पुरचुंडीच्या भाषेत म्हणता येईल.

आता ही द्रव्ये भिंत ओलांडतात. लहान आतड्याचा आतला भाग मखमलीसारखा असतो, कारण त्यावर लक्षावधी सूक्ष्म अंकुर असतात. घड्या, अंकुर व त्यांवरील त्याहून सूक्ष्म केसर यांमुळे पृष्ठभाग फार वाढतो. हा पृष्ठभाग टेनिसच्या मैदानाएवढा असतो, असे पुस्तकांतून लिहिले जात असे. २०१४ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी नव्याने केलेल्या मोजणीत संपूर्ण पचनमार्गाचा पृष्ठभाग सरासरी सुमारे ३२ चौरस मीटर भरला. तो एका लहान वर्गखोलीच्या जमिनीएवढा होय. साखर व अमिनो आम्ले अंकुरांतील रक्तात शिरून प्रथम यकृताकडे जातात. बहुतेक स्निग्धांश लसिकावाहिन्यांच्या वाटेने पुढे रक्तास मिळतो. हेच ते स्थान, जेथे अन्न शरीरात प्रवेश करते.

पाण्याचा हिशेब

येथे फळ्यावर एक हिशेब मांडावा. प्रौढ माणूस खाण्यापिण्यातून दिवसास सुमारे २ लिटर पाणी घेतो. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस व आतड्याचा रस मिळून आणखी सुमारे ७ लिटर द्रव शरीर स्वतः या नळीत ओतते. एकूण ९ लिटर झाले. यांपैकी शौचावाटे जाते केवळ १०० ते २०० मिलिलिटर. उरलेले सर्व आतड्यांची भिंत परत घेते. त्यातील बराच मोठा वाटा लहान आतडे उचलते व शेष मोठे आतडे शोषते.

दूषित पाण्यातून वा अन्नातून रोगजंतू गेले की हा हिशेब बिघडतो. पाणी परत घेणे कमी होते; पटकीसारख्या रोगात तर आतडे उलट पाणी सोडू लागते. त्याबरोबर क्षारही जातात. लहान बालकाच्या देहात पाण्याचा साठा थोडा, म्हणून ते काही तासांतच कोमेजते. पुष्कळ बालके दगावतात ती शरीरातील पाणी व क्षार संपल्यामुळे. अशा वेळी "आतड्यास विश्रांती" म्हणून पाणी बंद करणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी ओतणेच थांबविणे होय.

परंतु आजारी आतडे पाणी घेईल काय? याचे उत्तर भिंतीच्या रचनेत आहे. आतड्याच्या पेशींवर असे एक दार आहे की ज्यातून ग्लुकोज साखर व मिठातील सोडियम जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी जाते. या जोडप्रवेशाची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग येथे मांडली. पटकीतही हे दार बंद होत नाही. म्हणून नुसत्या पाण्यापेक्षा मीठ व साखर योग्य प्रमाणात घातलेले पाणी शरीरात अधिक चांगले शोषले जाते.

१९७१ मध्ये बांगलादेशाच्या मुक्तियुद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत पटकी पसरली व शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांच्या पुड्या करवून ते पाणी रुग्णांस तोंडाने पाजण्याची व्यवस्था केली. पाजण्याचे काम नातेवाइकांनी केले. पूर्वी सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण या उपचाराखाली ३.६ टक्क्यांवर आले. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले. २०२३ मध्ये त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

मुलांनी घरी न्यावयाचे ज्ञान

आशाताई, अंगणवाडी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र यांजकडून मिळणारी ओआरएसची पुडी सर्वोत्तम. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात ती संपूर्ण मिसळावी. पुडी नसल्यास उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. मीठ अधिक पडल्यास अपाय होतो. पाणी अश्रूंहून खारट लागू नये. ते चमच्याने, थोडे थोडे, वारंवार पाजावे. ओकारी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश द्यावे. आईचे दूध व नेहमीचे अन्न चालू ठेवावे. उरलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. जस्ताच्या गोळ्या आरोग्यसेवकांच्या सांगण्याप्रमाणे द्याव्यात.

डोळे खोल जाणे, बालक मलूल होणे, त्यास पिता न येणे, चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसणे, शौचातून रक्त पडणे, यांपैकी एकही लक्षण दिसताच त्यास विनाविलंब दवाखान्यात न्यावे. वाटेतही पाणी पाजत राहावे.

शाळेत एक लिटरच्या बाटलीत हे पाणी प्रत्येक गटाकडून एकदा करवून घ्यावे व चव पाहू द्यावी. चमचा सपाट कसा करावा, हे हाताने केल्यावाचून कळत नाही.

स्वाध्याय

१. चिंचोका पोटातून गेला, तरी शरीरात गेला नाही, असे का म्हणावे?
२. लहान आतडे इतके लांब व आतून मखमलीसारखे नसते, तर काय झाले असते?
३. नळीत ९ लिटर द्रव येतो. शौचावाटे फारच थोडा जातो. उरलेला कोठे जातो?
४. जुलाब होत असलेल्या बालकाचे पाणी बंद करावे, असे शेजारी म्हणतात. त्यांस कसे समजावून सांगाल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर मुलाने वहीत लिहिले, तर पाठ झाला. ते त्याने घरी आजीस सांगितले व आजीस पटले, तर पाठ सफल झाला असे शिक्षकांनी समजावे.