कोल्हापूरच्या पेठेत राहून कळलेलं

आमच्या कोल्हापुरात बैठका फार होतात. कृती समितीच्या, तालमीच्या, उत्सवाच्या, तळ्याच्या, नाट्यगृहाच्या. मंगळवार पेठेत राहत असल्यामुळे अशा बैठकांना मी बरीच वर्षं जात आलो. कधी सतरंज्या घातल्या, कधी निवेदनं लिहिली, पुष्कळदा नुसतं ऐकलं. त्या ऐकण्यातून जे मनात साठलं, ते इथे मांडतो आहे.

१. एखाद्या वास्तूवर शहराचा जीव किती जडलेला असतो, हे मला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री दिसलं. केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली होती आणि गल्ल्यागल्ल्यांतून माणसं तिकडे धावत होती. गर्दीत नाटकवाले होते, पैलवान होते, आणि ज्यांनी तिकीट काढून कधी नाटक पाहिलं नसेल असेही कितीतरी जण होते. भाजी विकणाऱ्या एक मावशी डोळ्याला पदर लावून सांगत होत्या, "माझ्या पोरीचं गॅदरिंग हितंच झालं हुतं." शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात हे नाट्यगृह पॅलेस थिएटर या नावाने बांधून घेतलं आणि त्याच्या पाठीला पाठ लावून खासबागचं कुस्ती मैदान उभं केलं. एकीकडे नाट्यपदं, दुसरीकडे शड्डू. कुस्तीचा शौकीन आणि गाण्याचा शौकीन एकाच आवाराच्या दोन दारांतून आत जायचे. ही जागा साऱ्या शहराला आपली वाटली, त्याचं मूळ मला या शेजारात दिसतं. ज्यांचं नाव या नाट्यगृहाला आहे, त्या केशवरावांची दुसऱ्या दिवशी जयंती होती. जळक्या लाकडाच्या वासात कलावंत जमले, आणि नाट्यगृह होतं तसंच उभं करा, ही मागणी त्याच गर्दीतून आली. मी तेव्हापासून प्रत्येक बैठकीत एक गोष्ट बोलतो. नव्या बांधकामाच्या खर्चासोबत पुढच्या वीस वर्षांच्या देखभालीचा खर्चही त्याच कागदावर लिहा. पडदे, लाकूडकाम, वीज, आग विझवायची सोय वर्षातून किती वेळा आणि कोण तपासणार, त्या माणसाचं पद लिहा. हा विषय निघाला की लोक घड्याळाकडे बघू लागतात. तरी तो काढत राहायला हवा.

२. गावभागाच्या नगररचनेवरचा सगळ्यात सुंदर धडा मला अंबाबाईच्या देवळात मिळाला. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांना आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडतात आणि गाभाऱ्यात पोहोचतात. पहिल्या दिवशी चरण, मग छाती, मग मुख. मात्र ही किरणं पश्चिमेच्या घरांवरून आणि महाद्वार रोडवरून येतात. वाटेत कुणाचा वाढीव मजला, कुणाची पाण्याची टाकी, कुणाचा फलक आडवा आला की ती अडतात. कधी धुरळा आणि ढगही आड येतात, पण त्यावर आपला इलाज नाही. किरणांच्या वाटेची मोजणी करणारे प्राध्यापक अडथळ्यांची यादी करतात, आणि मग कुणाला तरी आपल्याच गच्चीवरचं काहीतरी उतरवावं लागतं. ज्यांनी हे देऊळ बांधलं त्यांच्या हातात पुढच्या कित्येक शतकांच्या गच्च्या नव्हत्या. त्यांनी एक वाट मोकळी ठेवली आणि ती सांभाळायचं काम न विचारता आपल्यावर सोपवलं. शहराच्या मध्यवस्तीत घर असणं म्हणजे काय, हे मला या तीन संध्याकाळींनी जितकं समजावलं तितकं कुठल्याही विकास आराखड्याने नाही. माझ्या छपराची उंची हा दुसऱ्याच्या उजेडाचाही प्रश्न आहे.

३. तालीम ही फक्त व्यायामाची जागा नाही. बाहेरून आलेल्यांना फुटबॉलचे संघ आणि गणपतीची मिरवणूक दिसते. मला २०१९ चा ऑगस्ट आठवतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं. त्या दिवसांत तालमींच्या पोरांना कुणी कामं वाटून दिली नाहीत. कुणाकडे दोर आहे, कुणाच्या घरी म्हातारी एकटी आहे, कुणाचा टेम्पो चालू आहे, हे त्यांना आधीच ठाऊक होतं. वर्षानुवर्षं एकत्र मांडव घालून आलेली ही माहिती आहे. म्हणून उत्सवावरच्या खर्चाला सरसकट नावं ठेवली जातात तेव्हा मी हात वर करतो. आवाजाच्या भिंतींना माझा विरोध आहे आणि तो राहील. मांडव घालण्याला नाही.

४. नकार द्यायलाही अभ्यास लागतो. शहरातले रस्ते खासगीकरणातून झाले आणि आपल्याच गावात शिरताना टोल द्यायची वेळ आली, तेव्हा कोल्हापूर उठलं. ते आंदोलन तापट होतं, सगळेच म्हणतात. मला मात्र लक्षात राहिली ती त्यातली आकडेमोड. प्रा. एन. डी. पाटील आणि कॉम्रेड गोविंद पानसरे ही वयाने थकलेली माणसं करारातल्या अटी, रस्त्यांची लांबी, कामाचा दर्जा हे सगळं चौकात उभं राहून सांगायची, आणि रिक्षावाल्यापासून गृहिणीपर्यंत लोक ते ऐकायचे. टोल शेवटी रद्द झाला. पण तोच अभ्यास आपण एखादी गोष्ट हवी म्हणून करतो का? रंकाळा तळ्याच्या पाण्यात सांडपाणी कुठून येतं, हे तितक्याच लोकांना तोंडपाठ असतं तर?

५. त्रिपुरी पौर्णिमेची पहाट पंचगंगा घाटावर एकदा अनुभवावी. हजारो पणत्या, रांगोळ्या, आणि अंधारात चुपचाप तेल घालत जाणारी माणसं. याच नदीत गणपती विसर्जन करू नका, मूर्ती दान करा, ही हाक सुरुवातीला दिली गेली तेव्हा धर्म बुडाल्यासारखी भांडणं झाली. आज घरोघरची माणसं काहिलीत आणि कुंडात मूर्ती देतात. हा बदल भाषणांनी कमी आणि घाटावर निर्माल्य गोळा करायला उभ्या राहिलेल्या शाळकरी मुलांनी जास्त घडवला. आजोबा मुलांशी वाद घालत नाहीत, हार काढून त्यांच्या हातात देतात.

६. मोकळ्या पडलेल्या जागेचं काय करायचं, यावर आमच्याकडे सगळ्यात जास्त मतं असतात. शाहू मिल १९०६ ची. गुळाच्या व्यापारासाठी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवणाऱ्या राजानेच ती उभी केली. पुढे ती बंद पडली आणि आवारात झुडपं माजली. मे २०२२ मध्ये महाराजांच्या स्मृतिशताब्दीला सकाळी दहा वाजता सारं शहर शंभर सेकंद थांबलं, आणि त्या कृतज्ञता पर्वात मिलचं आवारही लोकांनी गजबजलं. चपला, कापड, आंबे, सगळं तिथे मांडलेलं होतं. तिथे भेटलेला एक जुना कामगार नातवाला माग कुठे होते ते दाखवत होता आणि नातू विचारत होता, "आबा, मग आता हितं काय करणार?" तिथे शाहूंचं स्मारक व्हावं, हे मलाही मान्य आहे. पण त्यात रोज सकाळी कामाला येणारी माणसं असावीत. चप्पल शिवणाऱ्यांची कार्यशाळा, विणकाम शिकणाऱ्या मुली, नाटकाच्या तालमीला एक स्वस्त हॉल. पुढच्या बैठकीत मी हेच मांडणार आहे, आणि त्या आबांनाही बोलवायचं ठरवलं आहे.