काट्याच्या पोटात काय असते?



काट्याचे महत्त्व खामगावच्या जुन्या कापूस बाजाराने आपल्याला कधीच शिकवले आहे. उसाचेही तसेच. खेपेला २०० किलोचा फरक पडला, तर दहा खेपांत दोन टन ऊस गेला!

पूर्वीचा काटा तरफेवर चाले. आताच्या इलेक्ट्रॉनिक काट्याच्या फलाटाखाली पोलादी ‘लोडसेल’ असतात. त्यांना १९३८ साली अमेरिकेत शोध लागलेली ताणमापक पट्टी चिकटवलेली असते. वजन पडले की पोलाद किंचित दबते, पट्टीचा वीजरोध बदलतो आणि तो बदल पडद्यावर किलोत दिसतो. यंत्राला फक्त दाब कळतो. फलाटाच्या फटीत चिखल-दगड अडकला तरी आकडा चुकतो.

म्हणून एवढे पाहावे :
१) गाडी चढण्यापूर्वी पडद्यावर शून्य आहे ना?
२) सर्व चाके फलाटावर आहेत ना?
३) चालक दोन्ही वजनांना गाडीत, नाहीतर दोन्हींना खाली.
४) वैधमापन खात्याची पडताळणी बारा महिन्यांच्या आतली आहे ना?

समजा, भरलेली गाडी २७ टन ४०० किलो, रिकामी ९ टन १५० किलो. ऊस झाला १८ टन २५० किलो. पावतीवरची ही वजाबाकी स्वतः करून पाहावी. शंका आली तर गाडी खाली होण्याआधीच विचारावे. गव्हाणीत पडलेला ऊस पुन्हा मोजता येत नाही.

— ऊस विकास अधिकारी